पेंटेनचा मुक्काम

थर्माकोलचा जाड तुकडा मधोमध मोडून पाहिला, की मोडलेल्या कडेवर मोहरीहून मोठे आणि मटारहून लहान असे पांढरे गोळे दाटीवाटीनं बसलेले दिसतात. मुळात ते गोल असतात, पण शेजाऱ्यांनी चारी बाजूंनी दाबल्यामुळे मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे चपट्या अंगांचे झालेले असतात. नखानं एखादा गोळा सुटाही करता येतो. असा प्रत्येक गोळा म्हणजे कारखान्यातून निघालेला एकेक दाणा. तेव्हा तो साबुदाण्याहून बारीक, काचेसारखा टणक आणि पाण्यात टाकला तर बुडणारा होता. एक मिलिमीटर व्यासाचा दाणा आकारमानानं चाळीसपट फुगला, की त्याचा व्यास जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरतो. चाळीसपट हा आकडा ऐकायला केवढा वाटतो, आणि डोळ्यांना दिसतं ते एवढंच.

दाणा फुगतो तो त्याच्या पोटात कोंडलेल्या पेंटेनमुळे. पेट्रोलचा हा हलका भाऊबंद दाण्याच्या वजनाच्या चार ते सात टक्के असतो. पॉलिस्टायरिन बनवणं तसं जुनं आणि सरावाचं काम आहे. खरी कसरत आहे ती या पाहुण्याला वेळेआधी जाऊ न देण्याची आणि काम झाल्यावर जास्त काळ राहू न देण्याची. कच्चा माल कसा साठवायचा, कारखाने कुठे उभारायचे, आगीची भीती नेमकी कधी बाळगायची, या सगळ्यामागे पेंटेनचा हा मुक्काम आहे.

ज्वारीची लाही आठवली तर अर्धी गोष्ट समजते. लाहीत फुगवण्याचं काम दाण्यातलं पाणी करतं आणि टणक साल ते शेवटपर्यंत धरून ठेवते. ढोकळ्याची तऱ्हा वेगळी. तिथे सोडा आणि आंबट यांची गाठ पडून वायू जागच्या जागी तयार होतो. चपलांचे मऊ तळवे करताना वापरतात ती अॅझोडायकार्बोनामाइडसारखी द्रव्यंही याच जातीची. तापली की विघटन पावतात आणि नायट्रोजन सोडतात. थर्माकोल लाहीच्या घराण्यातला. पेंटेनची कसलीही रासायनिक क्रिया होत नाही, तो फक्त द्रवाचा वायू होतो. फरक इतकाच, की या दाण्याला साल नाही. सालीचं काम सबंध दाणाच करतो.

पॉलिस्टायरिनचा पहिला उल्लेख १८३९ सालचा आहे. बर्लिनमधले औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी स्टोरॅक्स या झाडाच्या सुगंधी राळेतून एक तेलकट द्रव काढला. काही दिवसांनी पाहिलं तर तो घट्ट झालेला. हवेशी संयोग झाला असावा, असा त्यांचा समज झाला. तो द्रव प्रत्यक्षात स्वतःशीच साखळ्या जोडत होता, हे हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२०च्या दशकात मांडलं. पुढच्या दशकात जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला पॉलिस्टायरिनचं व्यापारी उत्पादन सुरू झालं.

त्याच गावातल्या बीएएसएफ कंपनीत १९४९च्या सुमारास फ्रिट्झ श्टास्टनी यांचे प्रयोग चालले होते. हकिगत अशी सांगतात, की पेट्रोलियम ईथर मिसळलेल्या पॉलिस्टायरिनचा नमुना बूट पॉलिशच्या डबीत भरून त्यांनी गरम भट्टीत ठेवला आणि तो तसाच राहून गेला. नंतर भट्टी उघडली तर डबीतून फेसाचा एक खांब वर आलेला आणि त्याच्या डोक्यावर टोपीसारखं डबीचं झाकण. पेट्रोलियम ईथर म्हणजे पेंटेन-हेक्झेनच्या कुळातल्या हलक्या द्रवांचं मिश्रण. हा माल १९५२ साली ड्युसेलडॉर्फच्या प्लास्टिक प्रदर्शनात ‘स्टायरोपोर’ या नावानं लोकांपुढे आला. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीचा ‘स्टायरोफोम’ वेगळा. तो दाण्यांपासून होत नाही. वितळलेलं प्लास्टिक आणि फुगवणारा वायू यांचं मिश्रण यंत्राच्या फटीतून बाहेर ढकलून त्याच्या सलग लाद्या करतात.

आपल्याकडचं ‘थर्माकोल’ हेही मुळात व्यापारी नाव. बीएएसएफची भारतीय कंपनी १९४३ साली मुंबईत नोंदली गेली ती ‘आर. ए. कोल’ या नावानं, आणि थर्माकोल हा तिचा माल. नावातला ‘कोल’ कुठून आला असेल, हे ओळखायला फार डोकं खाजवावं लागत नाही. विशेषनामाचं सामान्यनाम होण्याचं हे मराठीतलं डालडाच्या पंक्तीतलं उदाहरण. सरकारी अधिसूचनांनीही अखेर हाच शब्द स्वीकारला.

आता कारखान्यात शिरायला हरकत नाही. रिअॅक्टर म्हणजे ढवळणी बसवलेलं बंद पोलादी पिंप. त्यात जवळपास निम्मं पाणी आणि निम्मं स्टायरिन भरतात. स्टायरिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ढवळणी फिरू लागली की त्याचे थेंब होतात. थेंब पुन्हा एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची बारीक पूड किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखं द्रव्य घालतात. पोळपाटाला चिकटू नये म्हणून लाटीला पिठी लावावी, तसं हे थेंबाच्या अंगाला बसतं. थेंबाच्या आत बेंझॉइल पेरॉक्साइड विरघळलेलं असतं. तापमान ८० ते ९० अंशांवर गेलं की ते फुटतं आणि साखळ्या जुळायला सुरुवात होते. प्रत्येक थेंब हा जणू एक स्वतंत्र चिमुकला रिअॅक्टर. या जोडणीत उष्णता भरपूर निघते. भोवतीचं पाणी ती शोषून घेतं, म्हणून काम हाताबाहेर जात नाही.

मधला काही वेळ मात्र जिवाला घोर लावणारा असतो. थेंब धड पातळ नाही आणि धड घट्टही नाही, मधासारखा चिकट झालेला. या अवस्थेत ढवळणी बंद पडली किंवा पुडीचं प्रमाण चुकलं, तर लाखो थेंबांचा मिळून एकच गोळा होतो आणि सबंध घाणा पिंपातच बसतो. मग तो छिन्नी-हातोड्यानं फोडून काढण्यावाचून इलाज नाही. आणखी एक गंमत याच टप्प्याच्या आसपास घडते. स्टायरिन पाण्याहून हलकं आणि पॉलिस्टायरिन पाण्याहून जड. म्हणजे सुरुवातीला पाण्यावर तरंगू पाहणारे थेंब घट्ट होता होता एका क्षणी नेमके पाण्याच्या घनतेचे होतात आणि तिथून पुढे बुडू लागतात. हा क्षण ओलांडून दाणे कडक झाले, की चालक सुटकेचा श्वास टाकतो. दाण्यांचा आकार तोवर कायम झालेला असतो.

पेंटेन येतो तो यानंतर. पिंपाचं झाकण घट्ट असतं आणि आत नायट्रोजनचा दाब. पेंटेन आत सोडतात आणि तापमान ११० ते १३० अंशांपर्यंत चढवतात. एवढ्या उष्णतेत दाणा मऊ पडतो, पेंटेन हळूहळू त्याच्या अंगात मुरतो आणि दुसरं, जास्त उष्णतेला फुटणारं पेरॉक्साइड उरलंसुरलं स्टायरिन संपवून टाकतं. लोणच्याच्या फोडीत खार मुरावा, तसं हे काम. घाई चालत नाही. नीट मुरलं नाही तर दाण्याचा गाभा कोरडा राहतो आणि फुगताना मध्ये टणक खडा उरतो. सर्वांत महत्त्वाची पायरी त्यानंतरची. दाब सोडण्याआधी सगळं पिंप ३५-४० अंशांच्या खाली थंड करायचं. गरम असताना दाब सोडला, तर दाणे तिथेच फुगतील आणि पिंपात थर्माकोलचा ठोकळा तयार होईल.

थंड झालेले दाणे सेंट्रिफ्यूजमधून काढून बेतानं कोमट हवेत सुकवतात आणि चाळतात. थेंब काही एका मापाचे पडत नाहीत, त्यामुळे एकाच घाण्यात अर्ध्या मिलिमीटरपासून दोन-अडीच मिलिमीटरपर्यंतचे दाणे निघतात. मोठे दाणे इन्सुलेशनच्या ठोकळ्यांना, मधले पॅकिंगला आणि अगदी बारीक चहाच्या पेल्यांना. पेल्याची भिंत इतकी पातळ, की जाडीत दोन-चार दाणे तरी मावायला हवेत, नाहीतर चहा झिरपायचा. शेवटी दाण्यांना झिंक स्टिअरेटसारखी पूड चोळतात, म्हणजे पुढे वाफेत ते एकमेकांना गोळ्यानं चिकटत नाहीत. दाण्याच्या आत सुरुवातीलाच चिमूटभर पॉलिइथिलीनचं मेण घातलेलं असतं. बुडबुडे कुठून उमलायचे, ती ठिकाणं या मेणामुळे ठरतात. एक घनमीटर थर्माकोलमध्ये अब्जावधी बुडबुडे असतात, आणि ते एकसारखे बारीक राहतात ते त्याच्यामुळे.

पेंटेनच का, हा प्रश्न इथे येतोच. साधा पेंटेन ३६ अंशांना उकळतो आणि त्याचा फांदीदार भाऊ आयसोपेंटेन २८ अंशांना. पॉलिस्टायरिन मऊ पडतं शंभरच्या आसपास, आणि पेंटेन मुरलेलं असल्यास त्याच्याही बरंच आधी. म्हणजे वाफेत दाणा नरम होतो तेव्हा आतला पेंटेन उकळून कधीचा दारावर धडका मारत असतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो. तो दाण्यातून लवकर निसटतो आणि साठवणीला दाबही जास्त लागतो. हेक्झेन उलट बाजूला कलतो. तो दाण्यात रेंगाळतो, प्लास्टिकला मऊ ठेवतो आणि फुगलेला माल आक्रसतो. कार्बन डायऑक्साइड स्वस्त, न जळणारा आणि भला माणूस, पण दाण्यात टिकत नाही. दाबाखाली मुरवला तर लगेच वापरून मोकळं व्हावं लागतं. पेंटेन या सर्वांच्या मधला. त्यातही साधा पेंटेन चटकन फुगवतो आणि फांदीदार रेणूला काचेसारख्या प्लास्टिकमधून वाट काढायला वेळ लागतो, म्हणून तो जास्त टिकतो. कारखाने या दोघांचं मिश्रण आपापल्या गरजेनुसार ठरवतात.

एक भलं असं, की ओझोन थराच्या प्रकरणात दाण्यांचा हा धंदा फारसा सापडला नाही. लाद्यांच्या धंद्यात सीएफसी वापरात होते. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते सोडावे लागले आणि तिथे एकामागून एक पर्याय शोधण्यात दशकं गेली. दाण्यांच्या कारखान्यांना मात्र पहिल्यापासून पेंटेनचीच सवय होती.

मोल्डिंगच्या कारखान्यात दाण्यांची पोती येतात आणि पहिली गाठ पडते ती प्री-एक्स्पांडरशी. हा ढवळणी असलेला उभा ड्रम. खालून वाफ येते, दाणे उकळीतल्या साबुदाण्यासारखे वर चढतात आणि ठरलेल्या पातळीला पोचले की बाहेर पडतात. कामगार ठरावीक मापाची बादली भरून वजन करतो. किती फुगलं ते काट्यावर कळतं.

हे चाळीस-पन्नासपट फुगणं एकट्या पेंटेनचं काम आहे, असा समज सर्रास आढळतो. साधा हिशेब मांडला की तो फोल ठरतो. एक ग्रॅम दाण्यांत सहा टक्के पेंटेन धरला तर तो झाला ६० मिलिग्रॅम. शंभर अंशांना त्याची वाफ भरते साधारण २५ मिलिलिटर, तीही कणभर न निसटता सगळी आत राहिली तर. पण घनमीटरला २० किलो वजनाच्या थर्माकोलमध्ये एक ग्रॅम माल ५० मिलिलिटर जागा व्यापतो. उरलेली निम्मी जागा भरते कोण? तर बाहेरची पाण्याची वाफ. पेंटेन बुडबुडा उघडतो आणि पातळ झालेल्या भिंतींतून वाफ आत घुसून तो आणखी ताणते. म्हणून कोरड्या गरम हवेत हेच दाणे तितके फुगत नाहीत.

बाहेर पडताच दाणा निवतो, आतली वाफ पाणी होते, पेंटेनही काही अंशी द्रवरूप होतो आणि बुडबुड्यांत निर्वात होतो. ताज्या दाण्याला बोटांत दाबलं तर तो चेपतो आणि चेपलेलाच राहतो. म्हणून दाणे जाळीदार कापडाच्या सायलोंत कित्येक तास, कधी एक-दोन दिवस नुसते ठेवतात. हवा हळूहळू आत शिरते, दाणा सुकतो आणि टणटणीत होतो. मात्र या काळात पेंटेनही बाहेर निघत असतो. घाई केली तर साच्यातला माल आक्रसतो. उशीर केला तर पेंटेन इतका उरत नाही, की दुसऱ्या वाफेत दाणे फुगून एकमेकांत रुतावेत. ठोकळा हातात घेताच भुसभुशीत मोडतो. पावसाळ्याच्या दमट हवेतलं आणि मे महिन्यातलं वेळापत्रक सारखं असत नाही. अनुभवी माणूस मूठभर दाणे दाबून पाहतो आणि ठरवतो.

साच्यात पुन्हा वाफ, मग व्हॅक्यूम, आणि ठोकळा बाहेर. तोही लगेच कापत नाहीत. दोनेक टक्के पेंटेन अजून आत असतो आणि कापणीची तार तापून लाल झालेली असते.

एवढ्या खटाटोपातून जे उभं राहतं त्यात आकारमानानं ९८ टक्के हवा. ती घरात, भिंतीत, मासळीच्या पेटीत उपयोगी पडते. ट्रकमध्ये मात्र तिचं भाडं भरावं लागतं. एक ट्रक दाण्यांचा चाळीस ट्रक थर्माकोल होतो. त्यामुळे या धंद्याचे सरळ दोन थर पडले. दाणे बनवणारे कारखाने थोडे, अवाढव्य आणि बंदराच्या आसऱ्याला. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ आमडोशीला सुप्रीम पेट्रोकेमचा असा कारखाना आहे. स्टायरिन परदेशातून बोटीनं आणायचं, म्हणून समुद्र जवळ हवा. फुगवणारे कारखाने मात्र छोटे आणि गिऱ्हाइकाच्या दाराशी. टीव्ही-फ्रिजच्या कारखान्याशेजारी एक थर्माकोलवाला हमखास सापडतो तो त्यामुळेच. आणि वापरलेला थर्माकोल भंगारवाला हातगाडीवर घ्यायला का कुरकुरतो, याचंही उत्तर त्या ९८ टक्क्यांतच आहे. गाडीभर माल आणि वजन तीन-चार किलो.

धोके मोजायचे तर ते टप्प्याटप्प्यानं वेगळे आहेत, आणि चर्चेत ते नेहमी एकात एक मिसळले जातात. पहिला धोका स्टायरिनचा. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमजवळच्या एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरिनची वाफ सुटली आणि १२ माणसं दगावली. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता, टाकी भरलेली होती. सिमोन यांच्या बाटलीत १८३९ साली जे घडलं तेच इथे हजारो पटींनी घडलं. स्टायरिन आपोआप साखळ्या जोडू लागलं, तापलं, आणखी वेगानं जोडू लागलं. हे रोखायला टाकी थंड ठेवतात आणि टीबीसी नावाचं रोधक द्रव्य घालतात. थंडावा, ढवळण आणि रोधक या तिन्हींत कसूर झाल्याचं राज्य सरकारच्या चौकशी समितीनं नोंदवलं.

दुसरा धोका पेंटेनचा. तो हवेच्या अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. हवेत दीड टक्का झाला तरी पेट घेऊ शकतो. बंद गोदामातली दाण्यांची पोती आणि ताजे ठोकळे यांच्याजवळ वेल्डिंगला मज्जाव असतो तो यासाठी. आणि तिसरा धोका खुद्द थर्माकोलचा. ११ एप्रिल १९९६ रोजी ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी छताच्या पोकळीतलं पॉलिस्टायरिन पेटलं आणि १७ जणांचा बळी गेला. स्टायरोपोर ज्या शहरात पहिल्यांदा मिरवला, तेच हे शहर. आग मंदावावी म्हणून दाण्यांत घालायचं एचबीसीडी हे ब्रोमीनयुक्त द्रव्य शरीरात आणि निसर्गात साठून राहतं, असं निघालं. २०१३ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचं नाव गेलं. आता त्याच्या जागी मोठ्या रेणूंची, सहसा झिरपून बाहेर न पडणारी द्रव्यं येत आहेत.

महाराष्ट्रात प्रश्न गाजला तो कचऱ्याचा. मार्च २०१८च्या राज्याच्या अधिसूचनेत प्लास्टिकबरोबर थर्माकोलचंही नाव शीर्षकातच होतं. ताट-वाट्या गेल्या आणि गणपतीची मखरंही गेली. मखरं करणारे व्यापारी त्या वर्षापुरती तरी सूट मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले; मिळाली नाही. १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभरच बंदी आली. मासळीच्या पेट्या आणि फ्रिजचं पॅकिंग मात्र चालू राहिलं. या निवडीत तर्क आहे. मखर दहा दिवसांचं, आणि विसर्जनानंतर त्याचे गोळे सुटे होऊन समुद्रात जातात. रस्त्याच्या भरावात घातलेला ठोकळा हलत नाही. नॉर्वेत ऑस्लोजवळ फ्लोम पुलाच्या रस्त्याखाली १९७२ साली असे ठोकळे घातले, कारण खालची मऊ माती मुरुमाचं वजन पेलत नव्हती.

पेंटेनला सुट्टी देण्याचे प्रयत्नही झाले. नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात पॉलिस्टायरिनच्या दाण्यात पाण्याचेच सूक्ष्म थेंब कोंडून पाहिले. म्हणजे पुन्हा ज्वारीची लाही. पण पाणी शंभरला उकळतं आणि पॉलिस्टायरिनही शंभरच्या आसपासच मऊ होतं. दाणा फुगतो न फुगतो तोच निवू लागतो, वाफेचं पाणी होतं आणि तो पिचकतो. शिवाय साठवणीत पाणी उडून जातं.

म्हणून सध्या भर आहे तो कमी पेंटेनच्या दाण्यांवर आणि सुटलेला पेंटेन पकडण्यावर. हवेत तो काही दिवसच टिकतो, पण तेवढ्यात उन्हात वाहनांच्या धुराशी गाठ पडून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. धुरक्यानं गांजलेल्या लॉस एंजेलिसच्या परिसरात यावर खास नियम झाले. तिथे आणि अन्यत्रही काही कारखान्यांत प्री-एक्स्पांडर आणि सायलोंच्या खोलीतली हवा पंख्यानं ओढून नळीवाटे बॉयलरकडे नेतात. दाण्यातून निसटलेला पेंटेन तिथे जळतो, आणि त्या आचेवर झालेली वाफ पुढच्या घाण्याच्या ड्रममध्ये खालून शिरते.